डावा डोळा राहिला आहे

ती. दादा यांस,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच. आठ अंगांपैकी दोन्ही गुडघ्यांनी राजीनामा दिला आहे, तेव्हा उरलेल्यांचा नमस्कार गोड मानून घ्यावा.) तुमची प्रकृती कशी आहे? रक्तदाबाची गोळी आपणहून घेता की वहिनी मागे लागल्यावर? वहिनींचा खांदा आता वर जातो का? की अजून वरच्या फळीवरचे डबे तुम्हालाच काढून द्यावे लागतात?

तीन वर्षांनी माझं अक्षर पाहून पाकीट फोडायच्या आधीच तुम्ही खुर्चीत बसला असाल, म्हणून लगेच सांगून टाकतो: घरी सगळे ठीक आहेत. घरी मी एकटाच आहे, त्यामुळे 'सगळे' हा शब्द जरा सैल बसतो, पण ठीक आहे. कोणी गेलेलं नाही. म्हणजे एक जण गेला आहे, पण तो तुमच्या ओळखीतला नाही. तो पुढे येईलच. फोन का केला नाही, असं तुम्ही विचाराल. फोनवर तुम्ही दर दोन वाक्यांनी 'बरं, मग?' म्हणता, आणि ते ऐकलं की मला पुढचं काही आठवत नाही. कागदावर तुम्हाला मध्ये बोलता येत नाही, ही कागदाची मोठी सोय आहे.

दुकान चालू आहे. मी अजून मागच्या खोलीतच चष्म्याच्या काचा घासतो. पुढे मालक गिऱ्हाइकाला 'आता नीट दिसतं, की मघाशी दिसत होतं?' असं विचारत असतात आणि मागे मी चाकाला काच लावून राखाडी पाण्याचे शिंतोडे अंगावर घेत असतो. सोमवार ते शनिवार निघून जातात. (बुधवारी दुकान दुपारी बंद होतं, तेवढी दुपार झोपून काढता येते.) रविवार मात्र ही गेल्यापासून फार लांबला आहे. सकाळी नऊला वाटतं, संध्याकाळ झाली असेल. माझे तीन रविवार असे भिंतीकडे बघण्यात गेलेले दुकानाच्या मालकीणबाईंना कळले, आणि त्यांनी मला दटावून हौशी छायाचित्रकारांच्या मंडळात धाडलं. तुमचा तो कॅमेरा पेटीत कुजतोय, त्याला आणि स्वतःला जरा वारा द्या, असं त्यांचं म्हणणं. दोघांपैकी कॅमेरा अजून पेटीतच आहे.

मंडळ वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरतं, रविवारी चार वाजता. पंधरा-वीस माणसं, पडदे ओढलेले, एक प्रोजेक्टर, आणि शेवटच्या रांगेत पाय डगडगणारी एक खुर्ची, जी नवीन माणसाला देतात. कोणी फोटो आणतं, कोणी टॅबवर काढलेली चित्रं आणतं, मग ती पडद्यावर दाखवायची आणि इतरांनी अभिप्राय द्यायचा. त्याचा छापील नियमच दारावर लावला आहे: आधी एक चांगली गोष्ट सांगा, मग एक सुधारणा सुचवा, शेवटी पुन्हा एक चांगली गोष्ट सांगा. याला विधायक अभिप्राय म्हणतात. कडू गोळी गुळात घालून द्यावी, तसं. प्रत्यक्षात गोळी कोणाजवळच नव्हती. सगळे नुसता गूळ वाटत होते. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त पोस्टमास्तर, मनाने लोण्याचा गोळा. त्यांना मी मनातल्या मनात अप्रतिमराव म्हणतो, कारण पहिल्याच दिवशी त्यांनी 'अप्रतिम' हा शब्द चौदा वेळा उच्चारला. (मोजायला मला दुसरं काम नव्हतं.) पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ओल येऊन एक गोल डाग पडला आहे. एका गृहस्थांच्या फोटोत तो नेमका डोंगराच्या डोक्यावर आला, तर अप्रतिमराव म्हणाले, वा, धुक्यातला चंद्र काय पकडलाय! आणि त्या गृहस्थांनीही मान लववून तो चंद्र पदरात पाडून घेतला.

दादा, तुम्ही मला ओळखता. मी गप्प बसायला हवं होतं. पुढचाच फोटो एका दंतवैद्यांचा होता, तळ्याकाठचा सूर्यास्त. चांगली गोष्ट म्हणून मी रंग बरे आहेत असं म्हणालो आणि लगेच पुढे म्हणालो, पण पाणी उजवीकडे इतकं कललं आहे की पाच मिनिटं थांबलो तर आपल्या पायाशी येईल. खोलीत कोणी हसलं. कोणीतरी खरोखरच पाय वर घेतले. शेवटची चांगली गोष्ट सांगायची मी विसरलो. दंतवैद्यांनी 'आभारी आहे' म्हटलं, पण दात न उघडता.

याची फेड तेराव्या दिवशी झाली. माझी खालची दाढ ठणकायला लागली, आणि आमच्या भागात दंतवैद्य एकच. त्यांनी मला खुर्चीत आडवं केलं, तोंडात दोन बोटं, एक आरसा आणि सुईसारखं काहीतरी घातलं, आणि म्हणाले, "हिरड्यांचा रंग चांगला आहे." मग बराच वेळ आत बघत राहिले. "मांडणी मात्र फसली आहे. तोल डावीकडे जातो. ही दाढ ज्याने भरली होती, त्याला नजरच नव्हती." मला उत्तर द्यायचं होतं, पण तोंडात त्यांचा पंजा. शेवटी दाढ काढून माझ्या डोळ्यांसमोर धरली आणि म्हणाले, "मुळं मात्र सुरेख आहेत." नियम त्यांनी पाळला, मी पाळला नव्हता. घरी येऊन मी तीन दिवस खिमटासारखं काहीबाही गिळत होतो आणि तरी मला एकच वाटत होतं, की पाणी कललेलंच होतं.

त्यानंतर लोक मला बिचकायला लागले. मी खोलीत शिरलो की चित्रं लावायचा क्रम बदलायचा. कोणी म्हणायचं, माझं आज राहू दे, अजून हात फिरवायचाय. आणि दादा, खोटं कशाला लिहू, मला ते आवडलं. कितीतरी दिवसांनी मी आत आल्यावर कोणाला तरी काहीतरी वाटत होतं. दुकानात मी मागच्या खोलीत असतो, आणि घरी तर खोल्याच खोल्या आहेत. म्हणून मी आठवडाभर वाक्यं घासून ठेवायला लागलो. काच घासता घासता वाक्यही घासून व्हायचं. एका बाईंच्या फुलांना मी दवाखान्यातली फुलं म्हणालो. एकांच्या मांजराबद्दल म्हणालो, की या मांजराला फोटो काढून घ्यायचा नव्हता, आणि त्याचं ऐकायला हवं होतं. लोक हसायचे. ज्याचं चित्र असेल तो सोडून.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. (तुम्ही 'बरं, मग?' म्हणालात, ते मला इथे ऐकू आलं.)

मंडळात एक बाई यायच्या, निवृत्त परिचारिका. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. साठीच्या, बारीक, पायात पांढरे बूट अजूनही. टॅबवर चित्रं काढायच्या, आणि दर वेळी एकच चित्र: खिडकीशी खुर्चीत बसलेला माणूस, पाठमोरा. कधी खिडकीबाहेर उजेड, कधी पाऊस, कधी समोरच्या इमारतीवरचे वाळत घातलेले कपडे. माणूस तोच, पाठ तीच. अप्रतिमराव दर वेळी अप्रतिम म्हणायचे. अकराव्या पाठीला माझा संयम सुटला. मी म्हणालो, खिडकीतला उजेड छान उतरला आहे, पण हा माणूस खिडकीशी बसला आहे की बस चालवतो आहे? इतकं ताठ कोणी घरात बसतं का? मागून कंडक्टरने घंटा दिली की निघेल आता.

खोली हसून हसून लोटपोट झाली. माझ्या सगळ्या वाक्यांत एवढं यश कुठल्याच वाक्याला आलं नव्हतं.  सिस्टरांनी टॅबची तार काढली, गुंडाळली, पिशवीत ठेवली, पिशवीचं बटण लावलं, आणि गेल्या. पुढच्या रविवारी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. तेव्हा जिन्यात अप्रतिमरावांनी मला गाठलं. त्यांना रागावताच येत नाही. त्यांनी माझ्या शर्टाचं वरचं बटण धरलं आणि त्याच्याकडे बघत सांगितलं, की तो माणूस सिस्टरांचा नवरा आहे. सहा वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. पाठीला पट्टा बांधून, मागे फळी लावून बसवावं लागतं, नाहीतर कलंडतो. मी म्हणालो, मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, "अजून ऐका. चौतीस वर्षं बस चालवायचे ते."

दादा, मी तिथेच पायरीवर बसलो. वाचनालयातून खाली येणारी माणसं मला ओलांडून जात होती.

माफी मागायला बुधवारी दुपारी गेलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर मी परत फिरणार होतो, पण गुडघ्यांना उतरणं चढण्यापेक्षा जड जातं, म्हणून वर गेलो. दार सिस्टरांनी उघडलं. मी पाठ करून आणलेलं वाक्य सुरू केलं आणि आतून आवाज आला. शब्द कळेना. त्या म्हणाल्या, "ते विचारतायत, घंटा देणारा हाच का?"

मला वाटलं आता जिना दाखवणार. पण खिडकीशी बसलेला तो माणूस हसत होता. अर्ध्या तोंडाने, दुसरं अर्धं तसंच जागेवर. सिस्टर दारातच उभ्या होत्या, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी घरी येऊन रडत रडत यांना सांगितलं, आणि हे हसायला लागले. हसताना ठसका लागला. सहा वर्षांत हसले नव्हते. मला तुमचा अजून रागच आहे, पण या, बसा." असा मी त्या घरात शिरलो. खोली लहान, एक पलंग, औषधांचं टेबल, खिडकी, आणि भिंतीवर ओळीने छापून लावलेल्या पाठी. त्या ड्रायव्हरसाहेबांनी चांगल्या हाताने एकेक पाठ दाखवली आणि काहीतरी म्हणाले. सिस्टरांनी उलगडून सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. ड्रायव्हरसाहेबांनी ते परत म्हटलं, सावकाश, आणि या वेळी मलाही कळलं.

"तोंड कुठाय माझं?"

"मला चेहरे जमत नाहीत," सिस्टर म्हणाल्या.

"जमत नाही, का बघवत नाही?"

मी चहाच्या कपात बघत होतो. कपात चहा नव्हता, तो अजून व्हायचा होता. नवरा-बायकोच्या मधे बसायची सवय माझी गेली आहे. मग त्यांनी ते चांगलं बोट माझ्याकडे वळवलं. यांना विचार, हे स्पष्ट बोलतात म्हणे. दादा, आयुष्यात पहिल्यांदा मला अभिप्राय द्यायचा नव्हता. मी सिस्टरांकडे वळून आपलं कारागिराचं बोललो: उजेड खिडकीतून येतो, तर खुर्ची अर्धी वळवली पाहिजे आणि तुम्ही पलंगावर बसलं पाहिजे. चेहऱ्याबद्दल चकार शब्द काढला नाही. लगेच खुर्ची वळवायला घेतली. खुर्चीचं चाक पायपुसण्यात अडकलं, मी ओढलं, टेबल कलंडलं, आणि खोकल्याची लाल बाटली फुटून माझ्या पँटवर, पलंगपोसावर आणि सिस्टरांच्या पांढऱ्या बुटांवर सांडली. ड्रायव्हरसाहेब परत हसले. म्हणाले, मी चौतीस वर्षांत एकदाही ठोकली नाही, याने तीन फुटांत ठोकली. पुसापुशी झाल्यावर सिस्टर पलंगावर बसल्या, टॅब मांडीवर घेतला, आणि नवऱ्याकडे बघितलं. बराच वेळ नुसतंच बघितलं. ऊन फार येत होतं म्हणून मला पडदा धरून उभं केलं होतं; चाळीस मिनिटांत माझा हात खांद्यापासून बधिर झाला, पण मी तो खाली घेतला नाही.

मग मी दर बुधवारी जायला लागलो. मी पडदा धरायचो, त्या काढायच्या, ते मला जुन्या रस्त्यांच्या गोष्टी सांगायचे, ज्यांतल्या निम्म्या मला कळायच्या. कुठल्या वळणावर कोण हात करायचं, कुठली म्हातारी रोज चढून 'आज बस जुनीच का' असं विचारायची. हनुवटी झाली, कपाळ झालं, उजवा डोळा दोन बुधवार चालला. मी रेघेबद्दल बोलायचो, सावलीबद्दल बोलायचो. एकदा म्हणालो कान खाली आलाय, तर सिस्टर म्हणाल्या, "आलाच आहे. तुम्ही बघा." मी बघितलं, आणि खरंच आला होता. मी पाच बुधवार त्या चेहऱ्यासमोर होतो आणि आपल्या समजुतीनेच कान वर ठेवला होता.

सहाव्या बुधवारी दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाईंनी सांगितलं, सोमवारी छातीत कफ भरला, इस्पितळात नेलं, मंगळवारी पहाटे गेले. मी पँटच्या खिशात खोकल्याची नवी बाटली आणली होती, फुटलेलीच्या बदली. ती शेजारच्या बाईंच्या हातात दिली. त्यांनी घेतली, कारण माझ्याकडे बघून नको म्हणायचं त्यांना सुचलं नसावं.

महिन्याने सिस्टर मंडळात आल्या. चित्र पडद्यावर लावलं. समोरून चेहरा, ओढलेलं तोंड, खाली आलेला कान, चांगला हात मांडीवर. उजवा डोळा इतका जिवंत की पुढच्या रांगेतली माणसं सरळ होऊन बसली. डाव्याच्या जागी काहीच नाही, नुसता कागदासारखा पांढरा ठिपका. अप्रतिमरावांनी तोंड उघडलं आणि त्यांना त्यांचा शब्द सापडला नाही.  सिस्टर पडद्याशेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "घंटावाले, तुमचं राहिलं."

मी उठलो. माझ्याकडे घासून आणलेलं वाक्य नव्हतं. म्हणालो, "डावा डोळा राहिला आहे."

"माहितीय मला. कसा करू, ते सांगा. फोटो बघितले, सगळे झटक्याआधीचे. आणि मी तर सहा वर्षं पाठीमागेच बसले होते."

मग दादा, मी सांगितलं. पडदा धरून पाच बुधवार दुसरं काही बघायला नव्हतं. खालची पापणी जरा सुटलेली, आतून लाल रेघ दिसायची. पूर्ण मिटायचा नाही, बारीक फट राहायची. त्यात पाणी साचायचं, आणि ते बोटाने न पुसता मनगटाच्या मागच्या बाजूने पुसायचे, त्यामुळे तिथली भुवई बाहेरच्या अंगाला विस्कटलेली असायची. आणि हसताना सगळं तोंड वाकडं व्हायचं, तेव्हा तो एक डोळा गंभीर राहायचा, रस्त्याकडे बघत असल्यासारखा. मी सांगत होतो आणि सिस्टर तिथेच टॅबवर काढत होत्या. पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं. मधेच त्या "एवढी?" विचारायच्या, मी "जरा कमी" म्हणायचो.  झाल्यावर त्यांनी पेन ठेवलं आणि म्हणाल्या, "हो. असाच." चित्र अजून तिथेच होतं, तरी मी निघालो, कारण मला थांबवेना.

घरी आलो आणि पलंगावर बसून म्हटलं, आता हिचा डोळा सांग. तुमच्या बहिणीचा. सव्वीस वर्षं समोर बसून जेवलो आहे. बुबुळाचा रंग आला. पुढे काही येईना. भुवईजवळ तीळ होता, तो उजवीकडे की डावीकडे, ठरेना. कपाट उघडून मी काढलेले फोटो बाहेर काढले. शेकड्याने आहेत, दादा, आणि एकही हललेला नाही. उजेड बरोबर, रेघ सरळ, मागे नको ते काही नाही. आणि प्रत्येक फोटोत ही माझं ऐकते आहे. हनुवटी वर म्हटलं की वर, हसू नकोस म्हटलं की मिटलेले ओठ. तीळ सापडला, डावीकडे होता. ही सापडली नाही.

मंडळात मी अजून जातो. हल्ली मला पुढची खुर्ची देतात. परवा दंतवैद्यांनी एक गल्लीचा फोटो दाखवला. मी बराच वेळ बघितला आणि त्यांना विचारलं, की तुम्ही तिथे का थांबलात? त्यांनी जे सांगितलं ते फोटोत कुठेच नव्हतं, पण चांगलं होतं. बाकी विशेष काही नाही. इकडे थंडी कमी झाली आहे. तुमची खुशाली सवडीने कळवा, घाई नाही. वहिनींना आणि मुलांना सांगा की मी विचारलं आहे. लोभ असावा असं लिहायचा हक्क मी घालवला आहे का, हे मला ठाऊक नाही, म्हणून ती ओळ तुमच्यासाठी कोरी सोडतो.

तुमचा,
तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. घाई नाही असं वर लिहिलं आहे, ते खरं नाही. पाच वर्षांपूर्वी तुमच्या घरी तुम्ही सहलीचे फोटो टीव्हीवर दाखवले होते आणि सगळ्या पाहुण्यांसमोर मी एकेकाची चिरफाड केली होती. त्यात तुम्ही हिचा एक फोटो काढला होता, गच्चीच्या जिन्यात. तो पूर्ण हलला होता. मी म्हणालो होतो, हा उडवून टाका. तुम्ही टीव्ही बंद केलात. परतताना गाडीत ही माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, डोकं दुखत असेल. तुम्ही माझं ऐकलं नसेल, अशी मला फार आशा आहे. असेल तर पाठवा.

ता. क. २. पाठवण्याआधी तो कोणाकडून नीट करून घेऊ नका. हलला आहे तितकाच हललेला हवा.

ता. क. ३. त्यात ती कॅमेऱ्याकडे बघत नाही, तुमच्या मागे कोणाकडे तरी बघून हसते आहे, एवढं मला आठवतं. कशाला हसत होती, ते तुम्हाला आठवत असेल तर फोटोच्या मागे लिहून पाठवा. मला हसत असली, तरी लिहा.